मागचा टग

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या घरात आणि बंदरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे भरल्या खोलीत लवकरसाहेब जेव्हा म्हणाले, "मॅडमनी जहाज असं लावलं, जसं झोपलेलं बाळ अंथरुणावर ठेवावं," तेव्हा टाळ्या वाजवणारे लोक माझ्याकडे जरा बिचकूनच बघत होते. मी चक्क हसले. खरं सांगते, मला फार बरं वाटलं होतं. कौतुक ऐकायची सवय नसली की ते जास्त चढतं.

लवकरसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. ते तरंगत्या टर्मिनलच्या प्रकल्पाचे प्रमुख. प्रत्येक वाक्यात एकदा तरी 'लवकर' म्हणतात, म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. आणि मी पायलट, विमानाची नव्हे, बंदराची. बाहेरून आलेलं जहाज आमच्या पाण्यात शिरलं की कप्तानाशेजारी उभं राहून ते धक्क्याला लावून द्यायचं, हे माझं काम. ढकलायला आणि ओढायला टग असतात. या बोटी दिसायला बुटक्या, पण अंगात रेड्याची ताकद. पुढच्या टगवर माणसं बदलत राहतात. मागच्या टगवर मात्र मी पायलट झाले तेव्हापासून एकच माणूस आहे, माझा थोरला भाऊ.

आमच्या गावाला गॅस यायचा तो जमिनीखालच्या जुन्या नळातून, आणि तो नळ आटत चालला होता. काचेच्या कारखान्याची एक भट्टी विझली. इस्पितळाच्या धुलाईखान्यात माझी वहिनी काम करते, तिथला बॉयलर दुपारपर्यंतच चालायचा. म्हणून ठरलं की खाडीच्या तोंडाशी नवा धक्का बांधायचा आणि त्याला एक प्रचंड जहाज कायमचं बांधून ठेवायचं. गॅस अतिशय थंड केला की पाण्यासारखा पातळ होतो आणि थोड्या जागेत मावतो. त्या जहाजाच्या टाक्यांत हा पातळ गॅस ठेवायचा, समुद्राच्या पाण्याने ऊब देऊन त्याचा पुन्हा वायू करायचा आणि नळातून गावात सोडायचा. टाक्या रिकाम्या होत आल्या की दुसरं तेवढंच मोठं गॅसवाहू जहाज येणार आणि या बांधलेल्या जहाजाला बिलगून उभं राहणार. दोन्हींच्या मधे काय, तर टक्कर झेलायला हवा भरलेले रबरी फेंडर.

हे बिलगवायचं काम आम्हा पायलटांचं, आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं. किती वाऱ्यापर्यंत ते जमेल? आमच्याकडे थंडीत वारा समुद्रावरून येतो आणि जहाजाला आडवं धरून धक्क्याकडे रेटतो. नकाशात धक्का जसा आखला होता तसा बांधायचा, तर पंचवीस नॉटांच्या, म्हणजे ताशी पंचेचाळीसेक किलोमीटरच्या वाऱ्यातही जहाज लावता यायला हवं होतं. त्याहून कमी मर्यादा ठेवली तर ऐन थंडीत जहाजं बाहेर ताटकळणार आणि गाव गारठणार. दुसरा मार्ग म्हणजे अख्खा धक्का वाऱ्याच्या दिशेला वळवून बांधायचा. म्हणजे समुद्रतळाची नवी तपासणी, नव्या परवानग्या आणि वर्षाहून जास्त उशीर. लवकरसाहेबांचे लोखंडी खांब तर आवारात येऊनही पडले होते.

तर पंचवीस नॉटांत जमतं की नाही, हे सरावाच्या खोलीत ठरणार होतं, आणि ते माझ्या सहीने ठरणार होतं.

सरावाची खोली म्हणजे सिम्युलेटर. चारी बाजूंना पडदे, पडद्यांवर समुद्र, मधे जहाजाचा खोटा ब्रिज, म्हणजे जिथून जहाज चालवतात ती जागा, आणि त्याला खराखुरा लाकडी कठडा. शेजारी काचेपलीकडे टगवाल्याची खुर्ची आणि त्याचे दांडे. खोली चालवणाऱ्या बाई एका कोपऱ्यात बसून बटणावर वारा सोडायच्या. शांत बाई. वादळ सोडतानाही चहात साखर किती विचारतील. आठवडाभर त्यांनी तऱ्हेतऱ्हेचे वारे सोडले आणि मी आणि दादाने प्रत्येक वेळी जहाज अलगद लावलं. टाळ्या पडल्या त्या याच कौतुकाच्या.

दुसऱ्या दिवशी दादाची दाढ सुजली. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या होत्या, म्हणून दुसऱ्या बंदरातून आलेल्या टगकप्तानाला काचेपलीकडे बसवलं. गडी अनुभवी होता, नम्र होता. सगळे त्याला पाहुणा म्हणत होते. मी नेहमीसारखी फेरी सुरू केली. पुढचा टग बरोबर, वेग बरोबर, अंतर कमी होत चाललंय, आणि शेवटच्या क्षणी जहाजाचा मागचा भाग वाऱ्याने आत फेकला गेला. खोलीत धाडकन आवाज झाला. पडदा लाल झाला.

"ओढलं का नाहीत?" मी ओरडले.

पाहुणा उठून उभा राहिला. "मॅडम, हुकूम आलाच नाही."

"शेवटी मागून ओढून धरायचं असतं, हे तुम्हाला सांगायला लागतं?"

"आमच्याकडे पायलट सांगतात," तो म्हणाला. बिचारा कानशिलापर्यंत लाल झाला होता.

लवकरसाहेब मधे पडले. "नवखा आहे, जाऊ द्या. ही फेरी धरायचीच नाही. उद्या लवकर सह्या उरकून घेऊ." मी मान डोलावली. सगळं खापर पाहुण्याच्या डोक्यावर फोडून सगळे जेवायला गेले.

माझा घास मात्र तोंडात फिरत राहिला. हुकूम आलाच नाही म्हणजे काय? मी जन्मभर हुकूम सोडत आले आहे. माझ्या नवऱ्याला विचारा. जेवण अर्धवट टाकून मी सिम्युलेटरच्या बाईंकडे गेले आणि दादाबरोबरच्या फेऱ्या ऐकवायला सांगितल्या.

त्यांनी एक लावली. माझा आवाज खणखणीत. पुढच्या टगला हे कर, ते कर. मग जहाज अगदी जवळ आलं आणि माझा आवाज थांबला. नुसती खरखर. आणि पडद्यावर दिसत होतं की त्या खरखरीत मागचा टग शांतपणे ओढायला लागलाय. त्यांनी दुसरी लावली, तिसरी लावली. सगळीकडे तेच.

"मला वाटलं तुम्हा भावंडांचं आधीच ठरलेलं असेल," बाई म्हणाल्या.

आमचं काहीही ठरलेलं नव्हतं.

संध्याकाळी मी दादाच्या घरी गेले. तो गाल धरून स्वयंपाकघरात बसला होता, वहिनी त्याच्यापुढे मिठाचं कोमट पाणी ठेवत होती आणि तो लहान पोरासारखा तोंड फिरवत होता.

"दादा, शेवटी तू ओढायला लागतोस ते कशावरून?"

"कशावरून म्हणजे? वेळ होते तेव्हा ओढतो."

"वेळ झाली हे तुला कोण सांगतं?"

तो हसला, मग दाढेमुळे कळवळला. "तूच सांगतेस की. जहाज आत फेकलं जातंय असं वाटलं की तू कठडा दोन्ही तळव्यांनी रेटतेस. जणू काही हातानेच थांबवणार आहेस जहाज. तुझी नारिंगी टोपी पुढे झुकली की मी ओढतो. कित्येक वर्षं झाली."

"आणि माझा हुकूम?"

"येतो ना कधी कधी. माझं ओढून झाल्यावर."

वहिनी खुदकन हसली. मला हसू येईना. आमच्या बंदरात येणारी मालवाहू जहाजं ठेंगणी. ब्रिजवर मी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत असते, त्यामुळे खाली टगवरून माझी टोपी दिसते. सरावाच्या खोलीत तर मधे नुसती काच होती.

"गॅसच्या जहाजावर मी फेंडरच्या बाजूला उभी असणार," मी म्हणाले. "तू असशील पलीकडच्या बाजूला, चार मजली लोखंडी भिंतीच्या मागे. तिथून तुला माझी टोपी दिसेल?"

दादाने पाण्याचा पेला लांब सरकवला. त्याच्या ते आधीच लक्षात आलं होतं, हे मला तेवढ्यावरून कळलं.

"मी जहाजावरून ओळखेन," तो शेवटी म्हणाला. "जहाजाच्या हालण्यावरून."

"आणि तू नसलास तर? आज नव्हतासच. जहाज आपटलं."

"मग शिकव त्यांना! माझ्या मागे का लागलीस?" त्याचा आवाज चढला. "तुला माहितेय ना, नव्या टगांचा प्रमुख मला करणार आहेत. ते टग बघितलेस? अख्खा जन्म मी त्या खटाऱ्यावर धूर खात काढला. धक्का वेळेत झाला तर निवृत्तीच्या आधी तो टग माझ्या हाताखाली येतो. वर्षभर लांबला तर मी घरी. एकदा तो दांडा हातात धरायचाय मला, बाकी काही मागतोय का?"

तो काही मागत नव्हता, हेच तर खरं होतं. मला टग कसा चालतो ते त्यानेच शिकवलं. पायलट व्हायचं म्हटल्यावर घरातले सगळे हसले तेव्हा हसला नाही तो एकटा. त्याच्या तोंडचा घास मी काढून घेत होते आणि ते मला कळत होतं.

"उद्या काचेला कागद लावते," मी म्हणाले. "तू मला दिसणार नाहीस, मी तुला दिसणार नाही. मी सांगेन तेवढंच करायचं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी सही करणार नाही."

दादाने वहिनीकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं, ती त्याची बाजू घेईल. धुलाईखान्यात गॅस नसला की ओल्या चादरींचे ढीग तीच उपसते.

"गॅस लवकर यावा असं इथे सगळ्यात जास्त मलाच वाटतं," वहिनी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवत म्हणाली. "पण ते जहाज खरंच आपटलं तर माझ्याकडे चादरी किती येतील, तेवढं सांगा. मग भांडा."

दादाने पेला उचलला आणि चूळ भरायला गेला. दारातूनच म्हणाला, "ठीक आहे. तुझ्या शब्दाशिवाय करंगळीही हलवणार नाही मी." रागाने म्हणाला, पण दादाचा शब्द म्हणजे शब्द.

सकाळी मी काचेला जाड खाकी कागद चिकटवत होते तेव्हा लवकरसाहेब आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले.

"हे काय नवीन? आज लवकर सह्या व्हायच्यात!"

"आधी ही फेरी. मग सही."

"अहो, आठवडाभर जमलंय तुम्हाला!"

"कसं जमलं ते बघायचंय," मी म्हणाले आणि चिकटपट्टी दाताने तोडली.

बाईंनी पंचवीस नॉटांचा वारा सोडला. पडद्यावर बांधलेलं जहाज जवळ येऊ लागलं. पुढचा टग, सावकाश. पुढचा टग, थांब. माझा आवाज चांगला लागला होता. मागचा भाग आत झुकला आणि मी कठडा रेटला. दोन्ही तळवे, सगळा भार. नेहमी यानंतर जहाज सावरतं. मी वाट बघत होते. लाज वाटते सांगायला, पण आदल्या संध्याकाळी सगळं कळूनही मी नुसती वाट बघत उभी होते. तोंडात शब्दच आला नाही, कारण तो कधी तिथे ठेवलेलाच नव्हता.

धाडकन आवाज आला. पडदा लाल.

कागदाआडून दादा बाहेर आला. मला वाटलं, जिंकल्यासारखा बघेल. तो तसा बघत नव्हता. त्याचा सुजलेला गाल आणि ते डोळे बघून मलाच रडू फुटेल असं वाटलं.

"तू बोललीच नाहीस गं," तो हळूच म्हणाला.

"पुन्हा लावा," मी बाईंना सांगितलं.

दिवसभर आम्ही पुन्हा लावत राहिलो. मी बोलायला शिकले. या वयात, या हुद्द्यावर, शेंबड्या पोरीसारखी शिकले. "मागचा टग, ओढ, अर्ध्या जोराने." दादा वायरलेसवर तेच शब्द परत म्हणायचा, मग दांडा हलवायचा. पण शब्द तोंडातून निघून दोरापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि पंचवीस नॉटांचा आडवा वारा तेवढा वेळ देत नव्हता. कधी जहाज जेमतेम लागायचं, कधी फेंडर चेपायचे, कधी लाल. मग पाहुण्याला बसवलं. तसंच. पुढे बाईंनी वारा कमी केला, तेव्हा दोघांबरोबरही जहाज नीट लागायला लागलं. सरळ अर्थ होता. या आखणीत पंचवीस नॉट झेपत नव्हते.

लवकरसाहेबांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. माणूस वाईट नाही. गाव गारठतंय हे त्यांनाही रोज लोक ऐकवत होते. "मॅडम, पण कागद नसताना तुम्हा दोघांना जमतं ना? मग तुम्ही दोघंच लावत जा की जहाज. अडचण काय आहे?"

"साहेब, आम्ही दोघं किती दिवस पुरणार? टर्मिनल आमच्यापेक्षा जास्त जगणार आहे."

"दादा काढतील वाट. दादांना जहाज कळतं. काय दादा?"

सगळे दादाकडे वळले. त्याने फक्त हो म्हणायचं होतं. नवा टग त्या एका 'हो'पलीकडे उभा होता. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. माझ्या बघण्याने त्याने काही ठरवावं असं मला नको होतं.

"मला जहाज कळतं असं नाही, साहेब," दादा म्हणाला. "मला माझी बहीण कळते. मी काचेतून तिचे हात बघत होतो. खऱ्या जहाजावर ते हात मला दिसणार नाहीत." आणि मग म्हणाला, "धक्का वळवा."

लवकरसाहेब दारात जाऊन आवारातल्या खांबांकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'लवकर' निघालं नाही. मी सही केली ती कमी वाऱ्याच्या मर्यादेवर, म्हणजे धक्का वळवणं आलंच, आणि खाली लिहिलं की शेवटचा हुकूम पायलटने तोंडाने द्यायचा आणि टगवाल्याने तो परत म्हणून दाखवल्याशिवाय दांडा हलवायचा नाही.

त्यानंतरची थंडी वाईट गेली. बाजारात लोक मला ऐकू जाईल असं बोलायचे, की बाईसाहेबांच्या हट्टापायी गावाला गॅस नाही. मी त्यांना उलट उत्तरं दिली, स्वभावाला औषध नाही. वहिनी ओल्या चादरी वाळवत राहिली आणि एक शब्द बोलली नाही. दादा त्याच जुन्या टगवरून निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी तो टगचा दांडा फडक्याने पुसत होता. मी जवळ गेले तर म्हणाला, "आज नको." काही महिने आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. माझं चुकलं नव्हतं, तरीही मला त्याचा त्रास व्हायचा.

धक्का वळवून बांधून झाला. लवकरसाहेबांनीच दादाला घरी जाऊन विनवलं, की नव्या टगवाल्यांना शिकवायला या. दादाने आढेवेढे घेतले आणि गेला. नवीन टग त्याच्या हाताखाली कधी आले नाहीत. ते चालवणारे मात्र त्याच्या हाताखालून गेले. ऐकलं की सरावाच्या खोलीतल्या काचेवर खाकी कागद तो प्रत्येकाला स्वतःच्या हाताने चिकटवायला लावायचा.

पहिलं गॅसवाहू जहाज आलं त्या दुपारी वारा मर्यादेच्या आतच होता, पण खट्याळ होता. मी ब्रिजच्या फेंडरकडच्या टोकाला उभी होते. मागच्या टगवर पाहुणा होता, आता आमच्याच बंदरात कायमचा झालेला, तरी नाव पाहुणाच. मला त्याचा टग दिसत नव्हता आणि त्याला मी. समोर बांधलेलं जहाज हळूहळू मोठं होत होतं. त्याच्या डेकवर, फेंडरच्या बरोबर वर, हेल्मेट घातलेली चार माणसं कठड्याशी उभी होती. एक लवकरसाहेब, आणि त्यांच्या शेजारी दादा.

अंतर थोडं उरलं तेव्हा वाऱ्याचा झोत आला. पायाखाली जहाजाचा मागचा भाग आत झुकतोय हे मला जाणवलं. माझे हात बाजूला लोंबत होते.

"मागचा टग, ओढ, अर्ध्या जोराने."

"मागचा टग ओढतोय, अर्ध्या जोराने," पाहुण्याचा आवाज आला.

समोर दादा पुढे झुकला. त्याच्याकडे वायरलेस नव्हता, माझा आवाज त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्याने दोन्ही तळवे कठड्यावर ठेवले आणि सगळा भार टाकून कठडा रेटला, हुबेहूब माझ्यासारखा. पण तोवर जहाज सावरायला लागलं होतं. फेंडर हलकेच चेपले आणि पुन्हा फुगले.

दादाने वर माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात उंच करून त्याला दाखवले, रिकामे. त्याने मान हलवली, कठड्यावरचे आपले हात उचलले आणि खिशात घातले.